अर्थाचा रकाना

भाजी खतरनाक झाली आहे, असं नात पाहुण्यांसमोर म्हणाली तेव्हा चुन्नीलाल तुरकरांनी तोंडाशी नेलेला घास ताटात ठेवला. ऐंशीला टेकलेल्या माणसाला कोणी भाजीतला धोका सांगितला तर त्याने दुसरं काय करावं? मग सून हसली, पाहुणे हसले, आणि डिंपलने खुलासा केला की खतरनाक म्हणजे फार चांगली.

"मंग चांगली म्हनाले तोंड दुखते का?" चुन्नीलाल म्हणाले. घास त्यांनी पुन्हा उचलला, पण जेवणातलं लक्ष उडालं ते उडालंच.

हात धुतल्यावर त्यांनी पेटीतून एक कोरी शंभर पानी वही काढली, पट्टी लावून मधोमध रेघ मारली, डावीकडे 'शब्द' आणि उजवीकडे 'अर्थ' असं लिहिलं. पहिली नोंद : खतरनाक. चांगले. दिवाळीपर्यंत वहीत एकेचाळीस शब्द जमले आणि त्या एकेचाळिसांनी चुन्नीलालांचं रक्त आटवलं. 'पोपट होणे' म्हणजे फजिती होणे. त्यापुढे त्यांनी कंसात 'पक्ष्याचा संबंध नाही' असं लिहून ठेवलं. 'कल्टी मारणे' म्हणजे न सांगता निघून जाणे. 'डोक्याला शॉट' म्हणजे त्रास. 'पकवणे' म्हणजे समोरचा कंटाळेपर्यंत बोलणे, आणि तिथे डिंपलने गुपचूप पेन्सिलीने 'उदा. आबाजी' असं जोडलं होतं. 'क्रिंज' या शब्दाने तर सबंध दुपार खाल्ली. डिंपल गोंदियाला कॉलेजात जाते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण तिला तो शब्द समजावता येईना. शेवटी 'दुसऱ्याचं वागणं पाहून आपल्याला लाज वाटणे' यावर दोघांचं जमलं.

"असं असन तर हा शब्द मले रोज लागते," चुन्नीलाल म्हणाले.

त्यांचा राग शब्दांवर नव्हता, आडवळणावर होता. घरात पोवारी, शेजारी झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी आणि सरकारी कागदावर पुस्तकी मराठी, अशा चार भाषांत त्यांची हयात गेली. पाचवी आली तर तिलाही त्यांनी पाट मांडला असता. पण चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट न म्हणता, ऐकणाऱ्याला कोड्यात टाकून आपण मजा बघायची, हे त्यांना मुळीच सोसत नसे. अडतीस वर्षं त्यांनी गावचं पोस्ट सांभाळलं होतं. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची शेतं असलेलं हे गाव. पोस्ट म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, आणि गावासाठी ते डाकबाबू. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं ते लिहून देत, आणि बाई जे बोलेल तेच कागदावर उतरत असे. "माझा नवरा निकम्मा आहे" असं कोणी सांगितलं तर डाकबाबू निकम्माच लिहीत. "जरा बरं लिहा ना जी," असं कोणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं होतं. "बरं बोल, बरं लिहतो."

तारांचा जमाना होता तेव्हा ताराही त्यांनीच वाटल्या. मेलेल्या माणसाचीही तार 'सिरीयस, लवकर या' अशीच यायची. डाकबाबू ती दारात वाचून दाखवत आणि बसची वेळ सांगून परत फिरत. ती रीतच होती, त्यात त्यांना कधी काही खटकलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांचं सुरेख अक्षर वाया जाऊ नये म्हणून गावाने त्यांना तंटामुक्ती समितीचं रजिस्टर दिलं. अध्यक्ष बकाराम पटले. माणूस भला, पण सहीपुरताच लिहिणारा. पहिल्याच वर्षी एका बांधाच्या भांडणात एक जण पोवारीत बोलला, दुसरा हिंदीत, आणि साक्षीदार जंगलपट्टीतला होता, तो गोंडीत. सगळं लिहून झालं, सह्या-अंगठे झाले, आणि आठ दिवसांनी तिघांनीही हात झटकले की आम्ही असं बोललोच नाही. त्या दिवशी चुन्नीलालांनी रजिस्टरात एक रकाना वाढवला. माणसाचा शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि शेजारी त्याचा अर्थ. तो अर्थ बोलणाऱ्यानेच चारचौघांत सांगायचा, सगळ्यांना कळेल अशा भाषेत. रकाना कोरा ठेवायचा नाही, खाडाखोड करायची नाही, आणि ज्याला वाचता येतं त्याने आपलं म्हणणं स्वतः मोठ्याने वाचून मगच सही करायची. शेजारच्या गावांतले लोक या रकान्याला हसत, पण चौदा वर्षांत या गावातलं एकही भांडण ठाण्यापर्यंत गेलं नव्हतं.

ते जायची वेळ डिसेंबरात आली, आणि तीसुद्धा एका फोटोपायी.

गावातला ओमेश कटरे बावीस वर्षांचा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याने धावायचा. त्याचा बाप योगराज ट्रकवर ड्रायव्हर होता. सहा वर्षांपूर्वी सडक अर्जुनीजवळ हायवेवर अपघातात गेला. आई रेणू दुसऱ्यांच्या शेतात रोवणी-कापणीला जाते, दुपारी अंगणवाडीत खिचडी शिजवते. पोराची भरती हा त्या घरातला एकुलता एक बेत होता. ओमेशचा लहानपणापासूनचा दोस्त म्हणजे चंद्रकुमार, टेकचंद बिसेन यांचा मुलगा. टेकचंदचं खताबियाण्यांचं दुकान आहे, आणि बी.ए. झाल्यापासून चंद्रकुमार तिथेच बसतो, म्हणजे बहुतेक वेळ मोबाईलमध्ये बसतो.

एका शुक्रवारी ओमेश धावून दमला आणि नहराच्या काठावर मान खाली घालून बसला. चंद्रकुमारने त्याचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मग दोघांची तिथेच, दोनशे बारा लोकांच्या देखत, जुगलबंदी लागली. दुपारी ओमेश दुकानात गेला, त्याने चंद्रकुमारच्या दोन कानाखाली ठेवून दिल्या आणि त्याचा मोबाईल ओट्यावर आपटला.

टेकचंदचं डोकं फिरलं. सोमवारी सकाळी ठाण्यात तक्रार देणार म्हणून त्याने गावभर सांगितलं. तक्रार झाली की ओमेशचं नाव ठाण्याच्या नोंदीत चढणार, आणि भरतीच्या वेळी चारित्र्याची पडताळणी होते तिथे ते नाव निघणार. एवढं कळायला गावात कोणाला वकील लागला नाही. रेणू शनिवारी बकारामच्या दारात जाऊन बसली, आणि बकारामने रविवारी दहा वाजता ग्रामपंचायतीत बैठक बोलावली.

चुन्नीलाल रजिस्टर, निळं पेन, पट्टी आणि डिंपलला घेऊन गेले. डिंपल यायला तयार नव्हती.

"मी काय करू तिथं?"

"ते पोट्टे काय बोलतीन ते मले समजनार हाय का? तूच दुभाषी."

पंचायतीच्या खोलीत तीसेक माणसं होती. एका बाजूला टेकचंद, मांडीवर रुमालात गुंडाळलेला फुटका मोबाईल घेऊन, जणू पुरावा उडून जाईल. त्याच्याजवळ चंद्रकुमार, नव्या फॅशनची कटिंग केलेलं डोकं खाली घालून. समोरच्या भिंतीला टेकून ओमेश उभा होता. बायकांमध्ये रेणू डोक्यावर पदर घेऊन बसली होती, आणि तिची नजर कोणाकडेच नव्हती.

"मले मोबाईलचं काई नाई," टेकचंदने सुरुवात केली. "काच काय, बदलून भेटते. पन माझ्या पोराले माझ्या दुकानात येऊन मारलं. अना ग्रुपवर काय काय बोलला हा, थे समदं रजिस्टरात आलं पाहिजे. एक शब्द सुटाले नको, डाकबाबू. उद्या ठान्यात मी याचीच नक्कल देईन."

"समदं?" चुन्नीलालांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघायचं?"

"समदं."

"पाह्य बरं. मंग मधातच थांबा म्हनशील."

"मी कायले म्हनू?"

तसं चुन्नीलालांनी पान उघडलं. ओमेशच्या मोबाईलवर सगळं शाबूत होतं. डिंपलने वाचायचं, ज्याचा शब्द त्याने उठून अर्थ सांगायचा, असं ठरलं.

"चंद्रकुमार," डिंपलने वाचलं. "फोटोच्या खाली. भाऊची हवा टाइट."

चुन्नीलालांनी वळणदार अक्षरात लिहिलं : भाऊची हवा टाइट. "अर्थ?"

चंद्रकुमार उठला. "तसं काई नाई, आबाजी. मजाक होती."

"मजाक हा अर्थ नोहोय. हवा कोनाची?"

"ओमेशची."

"कायच्यातली हवा?" बकारामने मध्येच विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे सायकलची ट्यूब होती, हे स्पष्ट दिसत होतं.

"तशी हवा नाई, काकाजी. म्हनजे घाबरला. दम लागला."

"दोन्ही येगयेगळ्या गोष्टी होत," चुन्नीलाल वैतागले. "धावला तर दम लागनच. तुले बी लागन. घाबरला का दम लागला?"

"दम लागला."

चुन्नीलालांनी 'दम लागला' असं लिहिलं आणि मान वर केली. "मंग दम लागला असं लिहाले काय झालतं?"

पुढचा शब्द होता 'भर्तीच्या आधीच विकेट'. त्यावर खेळातले जाणकार बोलू लागले, विकेट पडली की घेतली यावर दोघांचं जुंपलं, आणि बकारामला टेबल वाजवावं लागलं. मग ओमेशचं उत्तर : 'जळतो कायले.' हे सगळ्यांना कळलं, त्याचा अर्थ विचारावा लागला नाही, तरी नियम म्हणून चुन्नीलालांनी रकान्यात 'मत्सर करतो का' असं लिहिलं. मग चंद्रकुमारचं 'रडू नको भावा, लोड घेऊ नको.'

"लोड म्हनजे वझं," मागून एक म्हातारा म्हणाला. "कोनाचं वझं घेतलं यानं?"

"मनावरचा, बाबाजी," डिंपल म्हणाली. "म्हनजे मनावर घेऊ नको."

"आंगी आग लावाची अना मंग म्हनाचं मनावर घेऊ नको," चुन्नीलाल पुटपुटले. ते रजिस्टरात गेलं नाही.

पाऊण तास झाला, आणि पान अर्धंही भरलं नव्हतं. चुन्नीलालांच्या मानेला रग लागली होती. असली भाषा लिहिण्यासाठी आपण अडतीस वर्षं अक्षर घोटलं का, असं त्यांना वाटत होतं. एका बाजूला त्यांना हसूही येत होतं, आणि ते येतं आहे याचा आणखी संताप होत होता. खोलीतली माणसं मात्र सैल झाली होती. चारदोन जण उघड हसत होते. ओमेशच्या ओठांचा कोपराही एकदा हलला. मिटेल बहुतेक, असं बकारामच्या चेहऱ्यावर दिसू लागलं.

मग ओमेशचा शब्द आला. 'बापाच्या दुकानातला फुकटचा डेमो पीस.'

"अर्थ सांग," चुन्नीलाल म्हणाले.

ओमेशने घसा साफ केला. "दुकानात नुसता दाखवाले ठेवतात ना, तसा. विकाचा बी नाई, वापराचा बी नाई."

खोली खळखळून हसली. चंद्रकुमार दिवसभर दुकानाच्या ओट्यावर कसा बसतो ते साऱ्या गावाने पाहिलं होतं. टेकचंदचे कान लाल झाले.

"पाहा," तो उभा राहून ओरडला, "पाहा काय बोलते. हाच शब्द मले ठान्यात द्याचा हाय. लिहा डाकबाबू, बराबर लिहा."

"लिहलं. बस खाली."

"आता पुढचं बी वाच पोरी. याचं तोंड किती चालते थे गावाले कळू दे."

डिंपलने पुढचं वाचायला मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि ती थांबली. मोबाईल तिने आजोबांसमोर टेबलावर ठेवला. "हे ओमेशचं नाई," ती म्हणाली. "चंद्रकुमारचं हाय. तुमीच वाचा."

चुन्नीलालांनी चष्मा पुसून वाचलं. त्यांचा आवाज डाकबाबूचा होता, सपाट, दारात उभं राहून पत्र वाचणारा. "विषय कट. याच्या बापाचाच रिचार्ज संपला, याले नेटवर्क कुठून भेटन."

त्यांनी ते वाचलं, आणि लगेच लिहायलाही घेतलं, कारण हात सवयीचा होता. वाक्य पूर्ण झालं. पेन उजवीकडच्या रकान्यावर आलं. मागच्या बाकावरचे काही जण अजून आधीच्याच शब्दावर हसत होते. त्यांना गप्प व्हायला जरा वेळ लागला.

"अर्थ," चुन्नीलाल म्हणाले.

चंद्रकुमार उभा राहिला. त्याने बापाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"चंद्रकुमार, तुझा शब्द होय. अर्थ सांग."

"आबाजी, हे असं सगळेच म्हनतात. कोनाले बी म्हनतात. काई बंद पडलं का म्हनतात. मी तसं मनात आनून..."

"मनातलं नाई विचारून राहिलो. अर्थ विचारून राहिलो. कोनाचा रिचार्ज?"

"बापाचा."

"कोनाच्या बापाचा?"

पोरगा पुन्हा खिडकीकडे बघू लागला. आजवर त्याने हे शेकडो वेळा लिहिलं असेल, अंगठ्याने, हसताहसता. आता त्याच माणसाच्या बायकोसमोर, साध्या मराठीत, तीस माणसांत ते म्हणायचं होतं. चुन्नीलालांना पोराची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. साध्या भाषेत जे तोंडातून निघत नव्हतं, तेच या आडवळणी भाषेत लिहायला त्याला सोपं गेलं होतं.

"राहू द्या डाकबाबू," टेकचंद हळू आवाजात म्हणाला. तो अजून उभाच होता. "थो शब्द राहू द्या. पुढं चला."

"समदं लिहा म्हनलास."

"म्हनलो. चुकलं. आता काट मारा."

"चौदा वर्षांत काट मारली नाई मी. रकाना कोरा राहात नसते, टेकचंद. तुझ्या पोराले सांग."

"अरे काऊन खेटून राहिले तुमी? पोरगं रडाले आलं."

"रडन तर रडू दे," चुन्नीलाल कडाडले. त्यांच्या मुठीच्या दणक्याने टेबलावरचं पेन उडून खाली पडलं. "इथं सीधं बोलाची कोनाले लाज वाटते ना, तेच माझं भांडन हाय. जिभेले गाठ मारून बोलता अना मंग म्हनता मजाक होती. मानूस मेला त्याले मेला म्हना. मेला म्हनाले जीभ कचरते, तर त्याच्यावर हासाले काऊन नाई कचरत?"

डिंपलने वाकून पेन उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

तेव्हा रेणू उठली. गावच्या सुना चुन्नीलालांना मामाजी म्हणत, आणि त्यांच्यासमोर सहसा बोलत नसत. ती टेबलापर्यंत आली आणि पदर सावरून उभी राहिली.

"मी सांगते अर्थ. लिहा मामाजी."

"बोलनाऱ्यानंच सांगाचा असते, रेणू."

"त्याले नाई जमनार. ल्हान हाय तो." तिचा आवाज शांत होता, रांगेत आपला नंबर आल्यावर सांगावं तसा. "लिहा. ओमेशचा बाप मेला. त्याच्या मागं पोराले आधार नाई. इतकाच अर्थ होय ना रे, चंद्रकुमार?"

चंद्रकुमारने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"लिहा ना मामाजी."

चुन्नीलालांनी पेन उचललं.

"तुमाले बी कठीन जाऊन राहिलं का?" रेणू म्हणाली. "तुमी पोराले बोलले, सीधं बोल म्हनून. बराबर बोलले. पन त्या अपघाताच्या दिवशी फोन तुमच्याच घरी आलता. तुमी माझ्या दारात आले अना सांगितलं, योगराज सिरीयस हाय, गोंदियाले जावाचं हाय. मी डबा भरून घेतला. धुतलेला पायजमा घेतला, कंगवा घेतला. सबन रस्ता तुमाले विचारत होती, बोलते का, पानी पेते का. तुमी म्हनत होते, डाक्टर हायेत. मले तुमीच सांगाले पाहिजे होतं मामाजी. मी डबा घेऊन थो मुर्दाघर पाहिला."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. सांगून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली, लिहून होण्याची वाट बघत.

चुन्नीलालांना तो डबा आठवला. स्टीलचा, तीन खणांचा, झाकणाला फडकं बांधलेला. जीपमध्ये त्यांच्या दोघांच्या मधे ठेवलेला. तो सांडू नये म्हणून त्यांनी वळणावर हात लावला होता. योगराज गेल्याचं त्यांना फोनवरच कळलं होतं, आणि तरी त्यांनी डब्याला हात लावला होता. सहा वर्षं त्यांनी स्वतःला सांगितलं की बाई रस्त्यात कोसळू नये म्हणून आपण तसं बोललो. खरं म्हणजे सांगायची त्यांची छाती झाली नव्हती. तारेतला तो एक शब्द हाताशी होता, म्हणून त्याच्याआड ते बसले. आणि आता या पोराला ते भर बैठकीत फाडून खात होते.

त्यांनी खाली मान घालून लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. मग रजिस्टर त्यांनी वळवून चंद्रकुमारसमोर केलं.

"वाचाचं हाय," ते म्हणाले. आवाजात मघाची धार उरली नव्हती. "नियम होय बाबू. वाच अना सही कर."

चंद्रकुमारने वाचलं. हवा टाइट, दम लागला. लोड घेऊ नको, मनावर घेऊ नको. कोणी हसलं नाही. शेवटच्या ओळीला तो अडकला, पुन्हा पहिल्यापासून ती ओळ घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. 'ओमेशचा बाप मेला. त्याच्या मागे पोराला आधार नाही.' सही केल्यावर तो ओमेशकडे गेला नाही, आधी रेणूच्या पाया पडला. रेणूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण एवढं मोठं मन त्या क्षणी तिच्याकडेही नव्हतं. ओमेशने मारल्याबद्दल माफी मागितली, ती टेकचंदकडे बघून, जमिनीकडे नव्हे. तीही लिहून घेतली.

टेकचंदने सही करायला पेन घेतलं आणि हळूच विचारलं, "डाकबाबू, हे पान बाहेर तर नाई जानार ना? कोनी पाहीन तर..."

संपलेला राग चुन्नीलालांच्या अंगात पुन्हा उसळला. "दोनशे बारा लोकायनं मोबाईलवर वाचलं तवा नाई विचारलास. रजिस्टर पेटीत राहाते. सही कर. ठान्यात नक्कल नेतो म्हनत होता ना, देऊ का?"

"नाई लागत," टेकचंद म्हणाला आणि सही केली. रुमालातला मोबाईल खिशात घालून तो पोराला घेऊन निघाला. उभय पक्षांत समेट झाला, तक्रार देणे नाही, असं चुन्नीलालांनी लिहिलं आणि बकारामने खाली आपलं नाव काढलं, ठळक आणि वाकडं.

घरी परतताना डिंपल काही बोलली नाही. तिच्याकडे बोलण्यासारखे पुष्कळ शब्द होते, आणि त्यातला एकही तिने वापरला नाही, याबद्दल चुन्नीलालांना तिचं कौतुक वाटलं. सुनेने ताट वाढलं. भाजी कशी झाली ते कोणी विचारलं नाही.

जेवून ते पेटीजवळ गेले, स्वतःची ती शंभर पानी वही काढली आणि खाटेवर बसले. एकेचाळीस शब्दांखाली त्यांनी बेचाळिसावा घातला. डाव्या बाजूला लिहिलं, 'सिरीयस'. उजव्या बाजूला बराच वेळ काही लिहिलं नाही. डिंपल दारात उभी राहून बघत होती, हे त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी रकाना भरला. 'मेला. सांगायची हिंमत नाही.'

शाई वाळू दिली, वही मिटली आणि डिंपलला हाक मारली.

"रेणू आता अंगनवाडीत असन का घरी?"

"आज रविवार हाय आबाजी. घरीच असन."

"चप्पल काढ माझी बाहेर," ते म्हणाले. "जाऊन येतो. तिच्यासंग बोलाचं राहिलं हाय, सहा वर्षांपासून."